डंकर्क, स्ट्रासबर्ग आणि रिशल्यू

महोदय,

दुसऱ्या महायुद्धातील युद्धनौका म्हटले की ‘बिस्मार्क’ आणि ‘यामातो’ यांच्यापलीकडे आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. फ्रान्सच्या वेगवान युद्धनौकांची आठवण कुणीच काढत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जर्मनीच्या ‘डॉइशलँड’ वर्गातील ‘पॉकेट’ (आकाराने लहान) युद्धनौकांना उत्तर म्हणून फ्रान्सने ‘डंकर्क’ आणि ‘स्ट्रासबर्ग’ बांधल्या. ३३० मिलिमीटरच्या आठही तोफा चार-चारच्या दोन फिरत्या बुरुजांत आणि दोन्ही बुरूज नाळेकडे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडे! त्यामुळे चिलखताचे वजन वाचले आणि सुमारे ३० नॉटचा (ताशी सुमारे ५५ किलोमीटर) वेग मिळाला. एकाच माऱ्यात चारही तोफा निकामी होऊ नयेत म्हणून बुरुजाच्या आत मधोमध पोलादी भिंत होती. मला ही कल्पना फार हुशारीची वाटते.

पण फ्रान्सने जर्मनीपुढे हार पत्करल्यावर, ३ जुलै १९४० रोजी अल्जीरियातल्या मेर्स-अल-कबीर बंदरात या नौका समुद्राकडे पाठ करून धक्क्याला बांधलेल्या होत्या. तोफांची तोंडे जमिनीकडे, आणि गोळे टाकणारे कालपर्यंतचे मित्र, ब्रिटिश; या नौका जर्मनांना मिळतील अशी त्यांना भीती होती! त्या हल्ल्यांत सुमारे १३०० फ्रेंच खलाशी गेले. बहुतेक ‘ब्रेतान्य’ या जुन्या युद्धनौकेवरचे. ‘स्ट्रासबर्ग’ निसटून दक्षिण फ्रान्समधल्या तुलों बंदरात पोहोचली; ‘डंकर्क’ही पुढे तिथेच आली. तिथे २७ नोव्हेंबर १९४२ला, जर्मनांच्या हाती पडू नयेत म्हणून फ्रेंचांनीच दोघींचा नाश केला.

त्यांच्याच धर्तीची, पण आकाराने मोठी ‘रिशल्यू’ मात्र न्यूयॉर्कमध्ये दुरुस्त होऊन १९४४मध्ये श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीला आली आणि त्याच ब्रिटिशांच्या ताफ्यातून जपानविरुद्ध लढली. आपल्या शेजारच्या या बंदराची हकिकत तरी आपण छापावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे