सईच्या सोरॉरिटीविषयी

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

माझी सई इथे अमेरिकेत सोरॉरिटीत दाखल झाल्याचे कळल्यापासून तुम्हा दोघांच्या जिवाला घोर लागला आहे, हे बाबांच्या प्रश्नांवरून ध्यानात आले. फोनवरचे बोलणे अर्धवट राहिले, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, तुम्ही विचारलेत, पण हा कोणताही धार्मिक पंथ नाही. ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या या विद्यार्थ्यांच्या संघटना आहेत; मुलांच्या त्या फ्रॅटर्निटी आणि मुलींच्या त्या सोरॉरिटी. न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात १८२५ मध्ये सुरू झालेली संघटना आजच्या फ्रॅटर्निटींची जननी मानली जाते. त्यांचे दीक्षाविधी गुप्त असतात हे खरे. परंतु मला काळजी वाटते ती त्या विधींची नव्हे, तर त्यांच्या मालकीच्या घरांची.

आपल्याकडे कॉलेज सुटले की बरीच मुले घरी जातात आणि त्यांचे मैत्र गल्लीत, नात्यागोत्यात आधीपासूनच असते. इथे अठराव्या वर्षी मुले शेकडो मैल दूर, हजारो अनोळखी विद्यार्थ्यांत येऊन पडतात. अशा वेळी स्वतःचे स्वयंपाकघर, अभ्यासाची खोली आणि हक्काच्या थोरल्या मैत्रिणी असलेले घर मिळाले, तर मुलगी तिकडे ओढली जाणारच. प्रत्येक नव्या मुलीला एक थोरली मुलगी नेमून दिलेली असते, तिला ‘बिग’ म्हणतात. सईला ताप आला तेव्हा मला कळण्याआधीच तिच्या ‘बिग’ने तिला विद्यापीठाच्या दवाखान्यात नेले होते आणि रात्रभर ती तिच्या उशाशी बसली होती. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

मात्र या घरात शिरण्याची रीत मला रुचलेली नाही. निवडीच्या दिवसांत मुली गटागटाने एकेका घरापुढे उभ्या राहतात. दार उघडताच आतल्या मुली टाळ्यांच्या तालावर गाणे म्हणत स्वागत करतात, मग प्रत्येकीशी काही मिनिटे बोलणे होते आणि घंटा झाली की पुढचे घर. रोज संध्याकाळी मुली आपल्या पसंतीची घरे क्रमाने लिहून देतात, घरेही आपल्या पसंतीच्या मुलींची यादी देतात आणि संगणक जुळणी करतो. वर्गणी, कपडे आणि घरात राहण्याचा खर्च मिळून वर्षाला काही हजार डॉलर होतात, त्यामुळे पुष्कळ मुली त्या दारापर्यंत जातच नाहीत. निवड कशी चालते याचे कटू उदाहरण अलाबामा विद्यापीठात २०१३ मध्ये उघड झाले: तिथल्या विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने लिहिले, की सोरॉरिटीतल्या मुलींना एक गुणी कृष्णवर्णीय मुलगी हवी असतानाही माजी सदस्यांच्या दबावामुळे तिला नाकारण्यात आले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात आणि विद्यार्थिनींनी १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात आपल्या वेगळ्या संघटना काढल्या, त्या उगाच नव्हेत. कमला हॅरिस हॉवर्डमधल्या त्याच सोरॉरिटीच्या सदस्य आहेत. आपल्या दक्षिण आशियाई मुलींची सोरॉरिटीही १९९८ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला निघाली.

आई, तू पार्ट्यांबद्दल विचारलेस, आणि खरा प्रश्न तोच आहे. १९८४ च्या केंद्रीय कायद्यानंतर इथे सर्वत्र मद्याची वयोमर्यादा एकवीस झाली. पहिल्या तीन वर्षांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना बार बंद, वसतिगृहावर देखरेख; तेव्हा पार्टी होते ती फ्रॅटर्निटीच्या खाजगी घरात. सोरॉरिटींच्या घरांत मात्र सहसा मद्याला मनाई असते. ऐकायला हे चांगले वाटते, पण त्यामुळे शनिवारच्या रात्रीचे यजमानपद सर्वस्वी मुलांकडे जाते. दारावर मुलगे उभे असतात, पेल्यात काय ओतायचे ते मुलगे ठरवतात, आणि किती मुलींमागे किती मुलगे आत सोडायचे त्याचे प्रमाणही तेच राखतात. पहिल्या वर्षाच्या मुलीला सहज आत घेतात; फ्रॅटर्निटीत नसलेला तिच्या वर्गातला मुलगा मात्र बाहेरून परत जातो. म्हणजे तिला ओळखणारा आणि वेळ पडल्यास तिला घरी पोहोचवणारा मुलगा नेमका तिथे नसतो. विद्यापीठांनी तरुणांना एकत्र जमायला दुसरी जागाच दिली नाही, हा दोष मला सर्वांत मोठा वाटतो. दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजने १९६२ मध्ये फ्रॅटर्निटी बंद करून राहण्या-जेवण्याची व्यवस्था स्वतःकडे घेण्याचे ठरवले, आणि ते कॉलेज आजही नावाजलेले आहे.

नव्या सदस्यांच्या छळाला इथे ‘हेझिंग’ म्हणतात. २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठातील टिमोथी पियाझा हा १९ वर्षांचा मुलगा अशाच एका रात्री दारू पाजल्यानंतर जिन्यावरून कोसळला. मदत बोलवायला सोबत्यांनी तासन्‌तास लावले आणि तो वाचला नाही. त्यानंतर पेनसिल्व्हेनियाने कायदा कडक केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय कायदाही झाला. बाबा, महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्येच आला, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे वसतिगृहात पाऊल टाकणाऱ्या कोणावरही रॅगिंग ओढवू शकते. इथे आत घेतले जावे म्हणून मुले ते आपण होऊन सोसतात आणि म्हणून तक्रारही करत नाहीत. सोरॉरिटींत हे प्रकार तुलनेने कमी ऐकू येतात, पण मी सईला स्पष्ट विचारले. तिच्याकडून वर्गणी आणि बैठकांना हजेरी यापलीकडे काही मागितलेले नाही, असे तिने सांगितले आणि माझा तिच्यावर विश्वास आहे.

तिला मी मनाई केलेली नाही. दोन गोष्टी मात्र कबूल करून घेतल्या आहेत: फ्रॅटर्निटीच्या घरी एकटीने जायचे नाही, आणि सोरॉरिटीबाहेरची एक तरी जागा, तिचा नाटकाचा गट, सोडायची नाही. ती डिसेंबरात तुमच्याकडे येईल तेव्हा कृपया ‘हे सोड’ असे म्हणू नका, नाहीतर ती गप्प होईल. त्या घरातल्या मुलींची नावे विचारा, जेवण कसे असते ते विचारा, म्हणजे शनिवारच्या रात्रींबद्दल ती आपणहून बोलेल. आजीपुढे ती जितकी मोकळी होते तितकी माझ्यापुढे होत नाही.

बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्याबरोबर पाठवत नाही. त्या तिथल्याच डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

तुमची,
मंजिरी