माटोळीची राहिलेली बाजू

पर्वरी, रविवार

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न.

घरी आपण कोंकणीत बोलतो, पण पत्र लिहायला बसलं की हात आपोआप मराठीकडे वळतो. बाबांनी पाटीवर गिरवून घेतलंय ना! फोनवर हे सांगायला गेले असते तर आईने मध्येच "जेवलीस?" म्हणून विचारलं असतं आणि विषय तिथेच संपला असता.

आई, चवथीला माझ्या पर्समध्ये तुला ती पावती सापडली. समुपदेशन, 1200 रुपये. तू काही बोलली नाहीस, पण दुसऱ्याच दिवशी देवळात पाकळ्या लावून देवाचा कौल, म्हणजे प्रसाद, घेऊन आलीस, हे मला काकूकडून कळलं. तर खरं काय ते सांगते. काका गेल्यावर माझी झोप उडाली होती, ऑफिसात फुटकळ गोष्टीवरून रडू यायचं. जूनपासून मी दर आठवड्याला एका बाईंकडे जाते. नोकरी नीट चालू आहे, काळजी करू नकोस.

तुझ्या डोक्यात काय आलं असेल ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे असल्या आजाराचं नाव निघालं की मनोरुग्णालय जिथे होतं ते आल्तिनो म्हणायचे, आता ते हललं म्हणून बांबोळी म्हणतात, तेही आवाज खाली करून. नाहीतर पणजीला जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियाचा पुतळा. लहानपणी मी तो बघून बाबांच्या मागे लपायचे, कारण तो माणूस त्या बाईवर दोन्ही हात रोखून उभा आहे. फारिया कांदोळीचा, जन्म 1756 चा, पॅरिसला जाऊन त्याने संमोहनाचे प्रयोग केले. पण गंमत बघा, त्याचंच म्हणणं होतं की ताकद करणाऱ्याच्या हातात नसते, समोरच्याच्या मनात असते. असो. आमच्या बाई कोणाला झोपवत नाहीत.

तिथे साध्या दोन खुर्च्या आहेत, समोरासमोर नव्हे, जराशा तिरप्या. मध्ये टिश्यूचा डबा, आणि दोघींनाही दिसेल असं घड्याळ. बाबा, तुमच्या शाळेच्या तासासारखंच, 50 मिनिटं झाली की संपलं. पहिल्या दिवशी निम्मा वेळ कागदांत गेला: झोप, भूक, जुनी दुखणी, चालू गोळ्या, घरात कोण कोण, अडचणीत फोन कोणाला करायचा. मग त्यांनी नियम सांगितले. बोललेलं बाहेर जाणार नाही. माझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका वाटला किंवा कोर्टाने मागितलं तरच अपवाद. यायला जमणार नसेल तर 24 तास आधी कळवायचं, नाहीतर पैसे पडतात. गोळ्या त्या देत नाहीत. ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं, म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे शिकलेल्या डॉक्टरांचं; गरज पडली तर त्यांच्याकडे पाठवतात. मी त्यांचं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी सरळ विचारून घेतली. त्यांना मुळीच राग आला नाही.

हे विचारायचं शहाणपण आधी ठेच लागल्यावर आलं. त्यांच्या आधी एकीकडे दोनदा गेले होते. तिने दुसऱ्याच भेटीत लग्न कर म्हणून सांगितलं. एवढं ऐकायला पैसे कशाला मोडायचे, आपल्या वाड्यावर ते फुकट मिळतं! सोडून दिलं. माणूस पटलं नाही तर बदलता येतं.

लगेच बरं वाटतं असंही नाही. पहिल्या दिवशी बाहेर पडले ती अंगातलं बळ गेल्यासारखी, बसस्टॉपवर दोन बस सोडल्या. तिसऱ्या भेटीपर्यंत मी इंग्रजीत शहाण्यासारखं बोलत होते. मग काकांचं काहीतरी सांगताना तोंडातून कोंकणी निघाली आणि बांध फुटला. बाई काहीच बोलल्या नाहीत. तेवढं गप्प बसणं आपल्या घरात कोणाला जमलं असतं?

गोवा केवढासा, रस्त्यात भेटणं आलंच. एकदा पणजी मार्केटात त्या माझ्या शेजारी उभ्या राहून तांबडी भाजी घेत होत्या, पण ओळख दाखवली नाही. आधीच सांगून ठेवलं होतं, तुम्ही हाक मारलीत तरच मी बोलेन. मी हसले, तेव्हा त्याही हसल्या.

आता बाबा, तुमच्याबद्दल. दर चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीची चौकट काका धरायचे आणि तुम्ही तिला फळं-पानं बांधायचा. यंदा तुम्ही कांगलांची रानफळं बांधलीत, सुपारीचा घोस हातात घेतलात आणि तसेच खाली उतरलात. अर्धी माटोळी शेजारच्या मुलांनी पुरी केली. कोणी काही म्हटलं नाही. आई सांगते, रात्री तीनला तुम्ही पडवीत बसलेले असता. आई, अशा रात्री काही सुचेनासं झालं तर 14416 लाव. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेली-मानस फोन आहे, फुकट, रात्रभर चालू.

माझ्या बाई तुम्हाला घेणार नाहीत. घरच्या दोघांना एकीनेच बघू नये म्हणतात. त्यांनी म्हापशाचे एक गृहस्थ सुचवले, तुमच्याच वयाचे, कोंकणी-मराठी दोन्ही बोलणारे. त्यांनी आधी दहा मिनिटं फोनवर बोलून घेतलं. वडिलांना स्वतःला यायचंय का, एवढं विचाराच, म्हणाले. म्हणून विचारते आहे. आई, तुझी पाकळी उजवी पडली होती, देवाने हो म्हटलं होतं, हेही काकूने सांगितलंय.

गुरुवारी साडेअकराची वेळ धरून ठेवली आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही. फॉर्म इंग्रजीत आहे, मी भरीन, चष्मा मात्र आणा. आईला बाहेर बसायला बाक आहे, पण आत बाबा एकटेच. बुधवारी साडेअकराच्या आत नको म्हणालात तर पैसे पडत नाहीत.

तुमची,
बाय