सावलीतल्या भिंतीवर वेल निवडताना

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

भिंत झाकायला वेली सुचवणाऱ्या लेखांसोबत हमखास बोगनवेल किंवा मधुमालतीचा बहरलेला फोटो असतो. दोन्ही उन्हाच्या वेली. सावलीत त्या मरत नाहीत, हीच पंचाईत. बारीक, लांबलचक फांद्या उजेडाकडे धावतात, खालचा भाग उघडा पडतो आणि फुलांचा पत्ता नसतो. मग लोक युरिया टाकतात. नत्राने फांद्या आणखी लांबतात, एवढंच.

सावली किती आहे ते आधी पाहावं. भर दुपारी भिंतीशी पांढरा कागद ठेवून त्यावर सुमारे ३० सेंमी उंचीवर हात धरावा. सावली रेखीव पडली तर उजेड भरपूर. कडा पुसट, पण हात ओळखू येतो, ती अर्धसावली. काहीच उमटलं नाही तर गडद सावली. अर्धसावलीत थनबर्जिया किंवा स्टार जास्मिन फुलतात, उन्हातल्यापेक्षा कमी. गडद सावलीत मात्र फुलांचा नाद सोडून पानांच्या वेली लावाव्यात: मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, माती ओलसर राहत असेल तर नागवेल किंवा मिरी. हवा थंड असेल तर आयव्ही. मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन आणि सिंगोनियम चावल्यास तोंडाची आग होते. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर हे लक्षात ठेवावं.

दुसरा प्रश्न पकडीचा, आणि तो सहसा कुणी विचारतच नाही. मनी प्लांटच्या प्रत्येक पेऱ्यावर तपकिरी टोकासारखं मूळ दिसतं. ते खरखरीत, ओलसर पृष्ठभागाला टेकलं की चिकटतं आणि वर चढताना पानं मोठी होत जातात. तीच वेल लोंबती ठेवली तर पानं लहानच राहतात. म्हणून सुरुवातीला दर दुसरं पेरं भिंतीला टेकेल असं बांधावं. गुळगुळीत ऑइलपेंटवर मुळं धरत नाहीत. थनबर्जिया आणि स्टार जास्मिन या वेढे घालणाऱ्या वेली. सपाट भिंतीवर त्यांना चढताच येत नाही. त्यांच्यासाठी गंज न धरणाऱ्या तारा, भिंतीपासून ५ सेंमी अंतर सोडून ताणाव्यात. जाळीच्या कुंपणाला वेगळा आधार लागत नाही, पण थनबर्जिया वजनदार होते. खांब डुगडुगते असतील तर आधी ते पक्के करावेत.

भिंतीवरच्या अंजिराच्या वेलीबद्दल (क्रीपिंग फिग) जरा सावध करायला हवं. कोवळी असताना ती नाण्याएवढ्या पानांनी भिंतीला सुरेख चिकटते. वयात आली की जाड फांद्या आडव्या बाहेर काढते. त्या वरचेवर छाटाव्या लागतात. प्लास्टरला भेगा असतील तर मुळं आत शिरतात. भिंत रंगवायची झाल्यास वेल ओढल्यावर मुळांचे डाग राहतात, सैल प्लास्टरही सोबत येतं.

लावणीतली नेहमीची चूक म्हणजे भिंतीला खेटून खड्डा. तिथे पाऊस नीट पोचत नाही आणि मातीत सिमेंट-चुन्याचा राडारोडा असतो. खड्डा भिंतीपासून ३० ते ४५ सेंमी दूर, तेवढाच खोल घ्यावा, राडारोडा काढून माती आणि कुजलेलं शेणखत भरावं आणि रोप भिंतीकडे कलतं लावावं. सावलीत माती हळू सुकते. बोटभर खोल कोरडं लागल्याशिवाय पाणी देऊ नये, नाहीतर मुळं कुजतात. त्यावर पानं पिवळी पडतात आणि लोक पुन्हा पाणीच घालतात.

आपला,
एक बागकर्मी वाचक