सुमेरची शहरं राजांनी नाही, हिशेबाने उभी केली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मेसोपोटेमियावर पानभर लेख बघून आधी बरं वाटलं, नाहीतर प्राचीन इतिहास म्हटलं की आपली गाडी पिरॅमिड आणि ममीच्या पुढे जातच नाही. पण वाचून झाल्यावर जरा चिडचिडच झाली. "दोन नद्यांमधली सुपीक जमीन, मुबलक पाणी, म्हणून शेती, म्हणून शहरं, मग राजे" हे सगळं चार ओळीत उरकून लेखक डायरेक्ट अक्कडच्या सार्गन राजावर पोचले. अहो, मधली दीडेक हजार वर्षं कुठे गेली? सगळी मजा तर तिथेच आहे.

पहिली गोष्ट, मुबलक पाणी वगैरे काही नव्हतं. सुमेर म्हणजे आजचा दक्षिण इराक, तिथे वर्षाला 200 मिमी पाऊससुद्धा धड पडत नाही. टायग्रिस-युफ्रेटिस नद्यांना पूर यायचा तो उत्तरेकडच्या डोंगरातला बर्फ वितळला की, म्हणजे एप्रिल-मे मध्ये, आणि नेमका तेव्हाच सातू कापणीला आलेला असायचा. पेरणीच्या वेळी पाणी नाही आणि कापणीच्या वेळी पूर, असा सगळा उलटा कारभार! नाईलचा पूर पेरणीच्या आधी येऊन जायचा, ती चैन यांना नव्हती. त्यामुळे पाट काढा, बांध घाला, दरवर्षी गाळ उपसा, आणि एवढं करूनही निचरा नीट झाला नाही की जमीन क्षारपड. गव्हापेक्षा सातू खारं पाणी जास्त सोसतो, तिथल्या खाण्यापिण्यात (पिण्यात म्हणजे बिअरमध्ये) सातूच सातू दिसतो त्यामागे हेही एक कारण.

आता कुणी म्हणेल की एवढे कालवे खणायचे म्हणजे दांडगा राजा पाहिजेच. विट्फोगेल नावाच्या अभ्यासकाने असाच सिद्धांत मांडला होता आणि तो बरीच वर्षं चाललाही. पण पुरातत्त्ववाले रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी इराकमध्ये जुन्या वस्त्या गाडल्या गेलेल्या टेकाडांचा आणि जुन्या कालव्यांचा सर्व्हे केला तेव्हा चित्र वेगळंच निघालं, सुरुवातीचे पाट छोटे होते, आसपासची चार गावं मिळून सांभाळतील एवढेच, आणि मोठमोठे कालवे आले ते शहरं उभी राहिल्यानंतर. म्हणजे राजाने कालवे खणले आणि कालव्यांमुळे शहर झालं ही गोष्ट जुळत नाही.

मग आधी काय होतं? देऊळ आणि देवळाचं कोठार. एरिदू या तिथल्या जुन्या शहरात उत्खननात एकाच जागी एकावर एक बांधलेली देवळं सापडली, सगळ्यात खालचं म्हणजे एक छोटीशी खोली आणि वर वर येत शेवटी उंच ओट्यावरची भली मोठी वास्तू. धान्य, लोकर, मेंढ्या सगळं देवाच्या नावाने जमा व्हायचं आणि तिथूनच कामकऱ्यांना वाटलं जायचं. इ.स.पू. 3100 च्या सुमारास उरुक हे शहर साधारण 250 हेक्टरवर पसरलेलं होतं, माणसं हजारोंनी, आणि त्यातली कितीतरी स्वतः शेती न करणारी, म्हणजे विणकर, कुंभार, सुतार, कारकून. त्यांना रोज खायला कोण घालणार आणि कुणी किती नेलं ते लक्षात कोण ठेवणार?

उरुकच्या थरांमध्ये तिरप्या काठाचे ओबडधोबड वाडगे ढिगांनी सापडतात, साच्यात दाबून घाईघाईत केलेले, कसलं नक्षीकाम नाही काही नाही. बऱ्याच पुरातत्त्ववाल्यांच्या मते ते रेशन मोजून द्यायचे वाडगे, काही जण म्हणतात पाव भाजायचे साचे. मला पहिलं जास्त पटतं, कारण तिथल्या सुरुवातीच्या लिपीत खाण्याचं किंवा रेशनचं चिन्ह म्हणजे माणसाचं डोकं आणि तोंडाजवळ अगदी तसलाच वाडगा! ती लिपी ज्यांवर आहे त्या मातीच्या पाट्या तरी काय, बऱ्याचशा तळहातावर मावतील एवढ्या, ओल्या मातीत बोरूच्या गोल टोकाने आकडे दाबलेले आणि शेजारी सातू, बिअर, मेंढी यांची चिन्हं. अशा हजारो पाट्या मिळाल्यात, बहुतेक सगळ्या हिशेबाच्या आणि उरलेल्या म्हणजे कारकुनांना शिकायला शब्दांच्या याद्या. कविता, राजाचे पराक्रम, देवाची स्तोत्रं यातलं त्यात काहीच नाही, ते सगळं कित्येक शतकांनी आलं. लेखकाने "लेखनकलेचा उदय" असं एक वाक्य टाकलंय, पण लिहायला सुरुवात केली ती कोठारावरच्या कारकुनाने हे नको का सांगायला?

आणि राजे? ते आले भांडणातून, म्हणजे निदान मला तरी तसं वाटतं. एकेक शहर नदीच्या आपापल्या फाट्यावर, मध्ये दलदल नाहीतर ओसाड रान, प्रत्येकाचा देव वेगळा, उरुकची इनान्ना, उरचा नन्ना, गिरसूचा निनगिरसू. सगळी एकमेकांना धरूनही होती, निप्पूर शहराच्या एनलील देवाला सगळे मानायचे आणि इ.स.पू. 3000 च्या आसपासच्या काही शिक्क्यांवर बऱ्याच शहरांची नावं एकत्र दिसतात. पण शहरं वाढली तशा हद्दी एकमेकांना भिडल्या आणि मग आपल्याकडे बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चालतं तसलंच सुरू झालं.

लगाश आणि उम्मा या शेजाऱ्यांचा वाद तर लेखात हवाच होता. गुएदेना नावाचं चांगलं रान दोघांनाही पाहिजे. किश शहराच्या मेसिलिम राजाने मध्यस्थी करून हद्दीचा दगड रोवून दिला, उम्मावाल्यांनी तो उपटला. मग इ.स.पू. 2450 च्या सुमारास लगाशच्या इयान्नातुमने त्यांना झोडपलं, हद्दीवर चर खणला, दगड परत उभा केला आणि वर उम्मा ती जमीन कसणार तर सातूच्या रूपात व्याजासकट देणं लावलं. ते थकत थकत एवढं फुगलं की फेडणं शक्यच नव्हतं, मग उम्माने काय करावं, हद्दीच्या कालव्याचं पाणीच वळवलं! पुढे इयान्नातुमच्या पुतण्याने, एनमेतेनाने, ही सगळी तक्रार मातीच्या शंकूवर लिहून ठेवली, तो शंकू आज पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे. (अर्थात ही एकाच पार्टीची बाजू आहे, उम्मावाल्यांचं म्हणणं वेगळं असणारच.) इयान्नातुमचा विजयस्तंभही तिथेच, तुकड्या-तुकड्यात, ढालीला ढाल लावून प्रेतांवरून चालणारं सैन्य, मुंडकी पळवणारी गिधाडं आणि मागच्या बाजूला शत्रूंना जाळ्यात पकडलेला देव. लढाईसाठी नेमलेला म्होरक्या लढाई संपल्यावर घरी जात नाही, आणि सततच्या लढाया असल्या की कधीच जात नाही, तोच राजा होऊन बसतो.

पुढचं पटकन सांगतो. उम्माच्या लुगालझागेसीने लगाश जाळलं, बरीच शहरं घशात घातली, आणि त्याला इ.स.पू. 2300 च्या पुढेमागे सार्गनने हरवून मानेत खोडा अडकवून निप्पूरच्या दारात उभं केलं. म्हणजे तुमच्या लेखकाची जिथे सुरुवात आहे तिथे या स्वतंत्र शहरांचा बराचसा खेळ आटोपत आला होता.

एक विनंती. लेखमाला पुढे चालू राहणार असेल तर नकाशा तरी त्या काळचा द्या. तुम्ही छापलेल्या नकाशात नदी आजच्या जागी आणि उर, उरुक बाजूला वाळवंटात आहेत. तेव्हा युफ्रेटिसचे फाटे या शहरांना लागून वाहायचे, दलदल आणि समुद्र उरच्या बरेच जवळ होते, आता समुद्र जवळपास 200 किलोमीटर मागे गेलाय. लेखात "उर हे गजबजलेलं बंदर" आणि शेजारच्या नकाशात पाण्याचा पत्ता नाही, मग शाळेतल्या पोराने विचारलं की जहाजं वाळूतून यायची का, तर त्याला काय सांगायचं?

आपला,
एक नियमित वाचक