कुठलीही ट्यूब आणा असं छापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला पावसाळ्यात त्वचेची काळजी घेण्याचा लेख वाचला. आमच्या घरी तुमचा पेपर वडील असल्यापासून येतो म्हणून हक्कानं लिहितेय. राग आलाय हे लपवत नाही. गजकर्ण, नायटा, जांघेतली खाज, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, या सगळ्यावर मेडिकलमधून कुठलंही अँटिफंगल, म्हणजे बुरशीवरचं, क्रीम आणून लावा, आठवड्यात फरक पडेल, एवढं लिहून लेखक मोकळे झाले. डॉक्टरकडे पळायची गरज नाही असंही वर लिहिलंय. छापण्याआधी हे कुणी वाचलं की नाही?

सोलापुरात मेडिकलवर जाऊन अँटिफंगल क्रीम द्या असं कोण म्हणतं हो? माणूस काउंटरवर हळू आवाजात म्हणतो, खाजेची ट्यूब द्या. बाई असेल तर तेवढंही म्हणत नाही, पोराला पाठवते. आणि मग जी ट्यूब हातात पडते ती नुसती बुरशीची नसते, तिच्यात तीन-चार औषधं एकत्र असतात आणि त्यातलं एक स्टिरॉइड असतं. तुमच्या लेखात स्टिरॉइड हा शब्द शोधून सापडत नाही.

माझा भाचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे. पत्र्याचं शेड, उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, आत त्याहून जास्त, अंगाला घाम आणि त्यावर सुताची लव चिकटलेली, पँट दिवसभर ओली. त्याला कमरेला पट्ट्याच्या जागी नायटा उठला. मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली, म्हणाला, "लावा ओ, दोन दिवसात कमी येतंय बघा." आणि दोन दिवसांत खरंच कमी आलं, खाज गेली, लाली गेली, पोरगं खूश. ट्यूब बंद केली की आठवड्यात परत, आणि पहिल्यापेक्षा मोठं. मग परत ट्यूब. असं महिनोन् महिने चाललं, कमरेवरून जांघेत गेलं, जांघेतून मांडीवर, ट्यूब घरात सगळ्यांना मिळाली कारण सगळ्यांनाच खाज सुटली होती, त्याच्या छोट्या मुलीच्या गालावर चट्टा आला तर तिलाही वहिनीनं तीच लावली. त्या लेकराचा गाल नुसता लालबुंद झाला. मेडिकलवाल्यानं दर वेळी तीच ट्यूब दिली, एकदाही म्हणाला नाही की बाबा आता डॉक्टरला दाखव.

शेवटी स्किनच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा मी बरोबर होते. डॉक्टरीणबाईंनी ब्लेडनं चट्ट्याच्या कडेची कातडी हलकीशी खरवडली, काचेवर औषधाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघितली, बुरशी भरपूर होती. मग त्या ट्यूबचा खोका मागितला आणि मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली: क्लोबेटासॉल, नियोमायसिन, मिकोनाझोल. नियोमायसिन जंतूंवरचं, मिकोनाझोल बुरशीवरचं, आणि क्लोबेटासॉल हे स्टिरॉइडमधलं सगळ्यात कडक समजलं जातं. त्यांनी समजावलं ते मला पटलं, विस्तवावर राख टाकावी तसं होतं, वरून लाल दिसत नाही आणि आत धग चालूच. स्टिरॉइड त्या जागेची शरीराची लढायची ताकद दाबून टाकतं म्हणून खाज थांबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. गजकर्णाची ती ओळखीची गोल कडासुद्धा पुसट होते, मग पुढच्या डॉक्टरला ओळखायला अवघड. भाच्याच्या मांडीच्या सांध्यात कातडी पातळ होऊन बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा रेघा उठल्यात, त्या आता पूर्ण जाणार नाहीत असं सांगितलं. पंचविशीतलं पोर आहे ते. घरातल्या सगळ्यांना तपासून एकदम औषध चालू केलं, त्याला इट्राकोनाझोलच्या गोळ्या आणि साधं क्रीम, तेही कित्येक आठवडे. गोळ्यांचा खर्च वेगळा आणि दवाखान्याच्या प्रत्येक फेरीला कारखान्यात खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, म्हणून तर माणूस आधी मेडिकलवर जातो. तेव्हा डॉक्टरकडे पळायची गरज नाही हे आमच्या भागातल्या लोकांना वेगळं सांगायची गरज नव्हती, ते आधीच जात नाहीत.

आणि हे काही नवीन नाही. स्टिरॉइडची क्रीम चिठ्ठीशिवाय विकली जातात म्हणून त्वचारोगतज्ज्ञांची आयएडीव्हीएल ही संघटना किती वर्षं ओरडत होती, मग २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं अशी १४ औषधं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी त्वचेची मिश्रणंही होती. नियम आहे. काउंटरवर चिठ्ठी कोण मागतं ते तुमच्या वार्ताहरानं एक दिवस शहरात फिरून बघावं, ती बातमी होईल.

मी साध्या क्रीमच्या विरोधात नाही, हे नीट छापा नाहीतर लोक म्हणतील बाई डॉक्टरांची वकिली करते. नुसतं क्लोट्रिमॅझोल १ टक्का किंवा नुसतं मिकोनाझोल २ टक्के, ज्याच्यात दुसरं काही मिसळलेलं नाही, ते नवीन आणि लहान चट्ट्याला, चिखल्यांना चांगलं काम करतं आणि महागही नाही. पण ते लावायचं कसं हे लेखात कुठंय? जागा धुवून कोरडी करून, दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या बाहेरही बोटभर लावायचं, आणि मुख्य म्हणजे दिसायचं बंद झालं तरी पुढं दोन आठवडे लावत राहायचं. चिखल्यांना सहज महिना लागतो. आठवड्यात फरक पडेल असं वाचलं की माणूस आठव्या दिवशी ट्यूब फेकतो आणि बुरशी तिथंच असते. नखात गेलेली किंवा लहान मुलांच्या डोक्यात केसांच्या मुळाशी गेलेली बुरशी मेडिकलच्या असल्या क्रीमनं जातच नाही, गोळ्या किंवा पातळ औषध घ्यावं लागतं. शुगर असेल, गरोदर असेल, तोंडावर असेल, किंवा दोन आठवड्यांत काहीच कमी नसेल तर डॉक्टरच. आता तर टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी गजकर्णाची बुरशी आपल्या देशात पसरलीय, आपल्याकडून बाहेरच्या देशांतही पोचलीय, आणि तुम्ही लिहिता कुठलंही क्रीम.

शिवाय त्याच चौकटीत खरूजही घातलीय. खरूज बुरशीनं होत नाही, कातडीत शिरणाऱ्या बारीक किड्यानं होते, तिचं औषध वेगळं, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं. ज्याला खरूज आहे तो तुमचा लेख वाचून महिनाभर बुरशीचं क्रीम चोळत बसला तर?

अजून एक राहिलं. लेखाच्या शेवटी सल्ला आहे, रोज दोनदा आंघोळ करा, आतले कपडे आणि टॉवेल रोज गरम पाण्यात धुवा, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवा. बरोबर आहे, करायलाच पाहिजे, भाच्याच्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. पण साहेब, आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. तेही कधी रात्री एक वाजता. पिंपात भरून ठेवलेलं पाणी सहा माणसांत पुरवायचं, त्यात प्यायचं, भांडी, संडास, आणि मग उरलं तर कपडे. वहिनी चार दिवसांचे घामाचे कपडे एका ढिगात ठेवते ते काही तिला आवडतं म्हणून नाही. उजनी भरलं की तुम्ही पहिल्या पानावर पुष्पपूजनाचा फोटो छापता, मग ते पाणी दत्त नगरला रोज का येत नाही हेही त्याच पानावर छापा. घरातलं एक माणूस बरं होतं तोवर दुसऱ्याला सुरू होतं, कारण कपडे एकत्र, पाणी नाही, आणि पावसाळ्यात वाळायला ऊनही नाही. आरोग्याचं पान लिहिणाऱ्यांना हे माहीत नसेल तर त्यांनी आमच्याकडे यावं, चहा देईन.

माझी मागणी एवढीच आहे की पुढच्या पुरवणीत त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापा. ट्यूबच्या मागच्या बाजूला क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यातलं कुठलंही नाव दिसलं तर डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय ती घेऊ नका, अशी चौकट करा, लोक कापून भिंतीला लावतील. ही नावं इंग्रजीतही छापा कारण ट्यूबवर ती इंग्रजीतच असतात. आणि शक्य असेल तर तेलुगूतही चार ओळी द्या, आमच्या पूर्व भागात म्हाताऱ्या बायकांना तेवढंच वाचता येतं आणि घरात ट्यूब कुणाला लावायची ते त्याच ठरवतात.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
दत्त नगर, सोलापूर