काचेत नाही ठेवणार, बाबा

नाशिक

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आपल्या वाड्याचं बाहुलीघर उभं राहिलं. काल दिंडी दरवाजाला कडी बसवली. एवढी मेहनत केलीस तर काचेच्या कपाटात ठेव, असं तुम्ही फोनवर म्हणालात. ते मात्र मी ऐकणार नाही, आणि का ते नीट सांगावं म्हणून हे पत्र.

वाडा पाडायच्या आधी तुम्ही टेप लावून वहीत टिपलेली मापं होती, म्हणून तर हे जमलं. फुटाला इंच धरला. बाहुलीघरांचं हे रुळलेलं माप. दिल्लीचं राष्ट्रपती भवन आखणाऱ्या ल्युटेन्स यांनी क्वीन मेरीसाठी केलेलं, १९२४ साली पूर्ण झालेलं बाहुलीघरही याच मापाचं. विंडसरच्या किल्ल्यात लोक ते काचेआडून बघतात. आपला वाडा असा लांबून बघायचा कधी होता? ओसरीवर येणारा-जाणारा टेकायचा, माजघरात आम्ही पोरं लोळायचो. चिऊचा हात त्यात गेलाच पाहिजे.

सगळं तिच्या हाताच्या हिशेबानंच केलंय. भिंती सहा मिलिमीटर प्लायच्या, कारण पावसाळ्यात अखंड फळी फुगते, प्लाय त्यामानानं जागचा हलत नाही. खांब-तुळया मात्र सागाच्याच. कडीपाट खराखुरा केला, नुसत्या रेघा मारल्या नाहीत. वाड्यातली चार इंची कडी म्हणजे इथे जेमतेम आठ मिलिमीटरची काडी. अशा काड्या ओळीनं, वर पाट. हा मजला अख्खा उचलता येतो, त्यामुळे माजघरात वरून हात जातो. कुसळ लागू नये म्हणून खांबांच्या कडा गोल घासल्या. पॉलिशला चपडा, स्पिरिटमध्ये विरघळवून. दमट हवेत तो पांढरट पडतो, म्हणून पाऊस पुरता उघडेपर्यंत हात लावला नाही. मग ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत एकेक हात दिला, मध्ये बारीक पॉलिश पेपर. सागाचा रंग काय उघडलाय म्हणून सांगू!

आई, तुझं स्वयंपाकघर तेवढं मांडायचं राहिलंय. भांडी बाजारात पितळी भातुकली मिळाली, पण इंचभर उंचीचं तपेलं या घरात फूटभर उंच हंडा होतं. तेवढा एक पाण्यासाठी ठेवला. वाट्या-ताटल्यांसाठी तांब्याच्या पत्र्याच्या टिकल्या कापून खोलगट ठोकतेय. तांबट आळीच्या गावात राहून प्लास्टिकची भांडी मांडायची, हे मला नाही पटत.

फडताळाची खालची फळी रिकामी ठेवलीय. तिथे काय असायचं ते दादालाही आठवत नाही. दिवाळीला याल तेव्हा ती तूच तुझ्या हातानं लाव. चूल मात्र खिडकीखाली होती की दाराजवळच्या भिंतीला, ते त्याआधी फोनवर कळव. ती मला चिकटवायची आहे.

तुमची,
धाकटी