गाडीतून उतरू नका, प्लीज

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या वाइल्डलाइफ रेफ्यूजमधे (म्हणजे सरकारी अभयारण्यांमधे) हिवाळ्यात पक्षी बघायला कसं जावं यावर लेख आला होता. हॉटेल, जॅकेट, लेन्स सगळं सांगितलंय, पण पक्ष्यांपासून किती लांब राहायचं यावर एक ओळसुद्धा नाही, म्हणून हे लिहितोय.

लेकीकडे थंडीत गेलो की न्यू जर्सीतल्या एडविन बी. फोरसाइथ रेफ्यूजला आमची चक्कर असतेच. तिथे बांधावरून आठ मैलांचा वन-वे रस्ता आहे, एकीकडे खाडी आणि खारी दलदल, दुसरीकडे अडवलेल्या पाण्याची तळी, आणि लांबवर अटलांटिक सिटीच्या कसिनोंचे टॉवर (हे कॉम्बिनेशन जरा विचित्रच वाटतं). पक्षी गाडीला फारसे घाबरत नाहीत, माणसाला घाबरतात. इंजिन बंद करून, काच खाली घेऊन बसलं की ब्रँट गीज (छोटे समुद्री हंस) अगदी बांधाच्या कडेला चरत येतात, काळी मान, गळ्यावर पांढरी रेघ, चोचीत हिरवं सी-लेट्यूस (समुद्री शेवाळ) लोंबतंय आणि आपसात सारखी कुरकुर चालू. मग पुढच्या गाडीतला कोणीतरी मोठी लेन्स घेऊन खाली उतरतो, दार धाडकन लावतो, सगळ्या माना एकदम ताठ होतात आणि पुढच्या क्षणी थवा हवेत. त्याला फ्लाइट शॉट मिळतो, मागच्यांना रिकामं पाणी!

यात काय एवढं, परत येतील की, असं लोक म्हणतात. येतात, पण हिवाळ्यात दिवस लहान, चरायला वेळ कमी, आणि वसंतात परत कॅनडाच्या आर्क्टिकपर्यंत उडायचं तर चरबी साठवावी लागते, ती अशा फुकटच्या उड्डाणांत जळते. याच ब्रँटचं मुख्य खाणं असलेलं ईलग्रास हे समुद्री गवत 1930च्या दशकात अटलांटिक किनाऱ्यावर रोगाने जवळजवळ संपलं होतं आणि ब्रँट प्रचंड संख्येने मेले, जे उरले ते सी-लेट्यूसवर निभावले. खाण्याचं गणित इतकं काठावरचं असतं.

टेक्सासच्या अरान्सासचंही तेच. रेफ्यूज 1937 सालचं, आणि 1941च्या हिवाळ्यात तिथे फक्त 15 हूपिंग क्रेन (दुर्मिळ पांढरे क्रौंच) उरले होते, आता पाचशेच्या वर येतात. आई-बाप आणि तांबूस पिसांचं एखादं पिल्लू असं कुटुंब आपापला दलदलीचा तुकडा धरून निळे खेकडे खात असतं. बोटीतून लांबून छान दिसतात, तरी ‘अजून थोडं जवळ घ्या ना’ म्हणणारे भेटतातच. ड्रोनला तर या रेफ्यूजमधे बंदीच आहे, हे लेखात यायलाच हवं होतं.

अजून एक, भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघितल्याशिवाय निघू नये. ओहोटीला डनलिन आणि बाकीचे तुतवार पार लांब चिखलात पसरतात, नुसते ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की तेच त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं, आपण फक्त आधी जाऊन गप बसायचं, जवळ जायची गरजच पडत नाही. पूर्ण भरतीला मात्र ते उरलेल्या कोरड्या पट्टीवर एका पायावर झोपलेले असतात, तेव्हा उठवलं तर बिचाऱ्यांना जायला दुसरी जागा नसते.

आणि एन्ट्री फीबद्दल, लेखात प्रत्येक ठिकाणी वेगळं तिकीट काढायला सांगितलंय, त्यापेक्षा 25 डॉलरचा डक स्टॅम्प (अमेरिकन सरकारचा वार्षिक स्टॅम्प) घ्या. फी घेणाऱ्या सगळ्या नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूजमधे तोच पास म्हणून चालतो, जून अखेरपर्यंत, आणि डॉलरमागे 98 सेंट पाणथळ जागा विकत घ्यायला, राखायला जातात. पोस्ट ऑफिसात मिळतो, फक्त त्यावर सही करायला विसरू नका, नाहीतर गेटवर चालत नाही.

आपला,
एक नियमित वाचक